बॅटरी बसू नये म्हणून

"काका, उठा की तिथून. प्लग काय पळून जाणारे का?"

कौशिकने हे लॅपटॉपवरून नजर न काढता विचारलं. देवीदास उठला नाही. भिंतीतल्या प्लगपासून हातभर अंतरावर त्याने स्टूल टाकलं होतं आणि रेशनच्या रांगेत पहिला नंबर लागलेल्या माणसासारखा तो त्यावर ठाण मांडून बसला होता. प्लगच्या वर त्याने स्वतः चिकटवलेला कागद होता. 'हात लावू नये' हे त्यावर मराठी, हिंदी, इंग्रजी, अरबी आणि मल्याळम अशा पाच भाषांत लिहिलेलं होतं. मल्याळम ओळ ज्याने लिहून दिली तो कायमचा गावी गेल्यावर कळलं, की ती ओळ 'इथे थुंकू नये' अशी आहे. तरी देवीदासने कागद बदलला नाही. थुंकायला आलेला माणूस प्लगला कशाला हात लावेल, असा त्याचा विचार होता.

"पळत न्हाई," तो म्हणाला, "पण लोक काढतात."

लोक काढायचे हे खरंच होतं.

दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातलं ते गॅरेज. आजकालच्या गाडीत चाकांपेक्षा मेंदू जास्त. दारांचा एक, इंजिनचा एक, ब्रेकचा एक. त्यांत नवं सॉफ्टवेअर घालायचं तर इंजिन बंद आणि चावी चालू ठेवावी लागते. म्हणजे गाडी नुसती खात बसते, कमवत काहीच नाही. अशाने दोन-तीन तासांत चांगली बॅटरीसुद्धा बसते, आणि इथल्या उन्हात दोन उन्हाळे काढलेली बॅटरी चांगली राहिलेली नसतेच. काम चालू असताना ती मध्येच बसली, तर अर्धं जुनं आणि अर्धं नवं अशा अवस्थेत तो मेंदू कायमचा थिजतो. गॅरेजच्या भाषेत त्याचा 'दगड' होतो. असं होऊ नये म्हणून भिंतीतल्या विजेवर चालणारं एक यंत्र बॅटरीला लावून ठेवतात. कौशिक त्याला सपोर्ट युनिट म्हणायचा. बाकीचं गॅरेज सलाईन म्हणायचं.

पाच वर्षांपूर्वी एका चकाचक गाडीचं प्रोग्रॅमिंग ऐंशी टक्क्यांवर आलेलं असताना कुणीतरी सलाईनचा प्लग काढून तिथे आपला मोबाईल लावला होता. मोबाईल शंभर टक्के चार्ज झाला. गाडीचा दगड झाला. त्या दिवसापासून सलाईन चालू असेल तेव्हा देवीदास स्टुलावर असायचा. तसा तो ऑटो इलेक्ट्रिशियन. एके काळी वायरींच्या जंगलातून नुसत्या बोटांनी फॉल्ट शोधून काढायचा. आता फॉल्ट लॅपटॉप शोधायचा आणि देवीदासच्या वाट्याला प्लगची राखण आली होती. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याच्या रेसिडेन्सी कार्डावर व्यवसाय म्हणून 'मच्छीमार' लिहिलं होतं. एजंटकडे त्या महिन्यात तेवढेच व्हिसा शिल्लक होते. बार्शीच्या ज्या माणसाने चौतिसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता, तो वीस वर्षं कागदोपत्री मासे पकडत होता. त्या मानाने प्लग राखणं बरंच सन्मानाचं.

तेवढ्यात फ्रंट ऑफिसचा रॉकी आत आला. रॉकी वसईचा. गिऱ्हाइकांनी वर्कशॉपमध्ये यायचं नाही असा बोर्ड त्यानेच लावला होता, आणि आता एका गिऱ्हाइकाला तोच आत घेऊन येत होता. पस्तिशी-चाळिशीतली बाई, डोक्यावर ओढणी, क्लिनिकच्या फार्मसीतला पांढरा कोट घडी करून हातावर टाकलेला.

"ह्या सलमा मॅडम. आपल्याकडच्याच, दापोलीच्या," रॉकी म्हणाला. "वायपरवाली गाडी ह्यांचीच."

वायपरवाली गाडी म्हणजे समोर उभी असलेली मोठी पांढरी, जुनी एसयूव्ही. तिला डावीकडचा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचे. उजवीकडचा दिला की डिकी उघडायची. दोहात पाऊस वर्षातून चार दिवस पडतो, त्यामुळे ही बाई आठवडाभर लख्ख उन्हात वायपर फिरवत वळणं घेत होती आणि मागचे लोक तिला हात जोडत होते.

"मॅडम, मी रॉकीला सांगितलं होतं," कौशिक म्हणाला, "बॉडी मॉड्युल, म्हणजे दारं-वायपरचा मेंदू, जुनं झालंय. नवंच टाका. एका तासात गाडी मोकळी. प्रोग्रॅमिंगचा हा उपद्व्याप कशाला?"

"बदलायचं नाहीये," सलमा म्हणाली. "त्याच्यात आमच्या ह्यांची सीट आहे."

कौशिकने पहिल्यांदाच लॅपटॉपवरून नजर उचलली. हाताच्या पंजाएवढ्या मॉड्युलमध्ये सीट कशी मावेल, हे त्याच्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजने शिकवलेलं नव्हतं.

सलमाने ड्रायव्हरच्या दाराकडे बोट दाखवलं. आतल्या बाजूला दोन बटणं होती. एक आणि दोन. "एक माझं. दोन सोहेलचं. एक दाबलं की सीट पुढे येते, आरसे खाली बघतात. दोन दाबलं की सीट पार मागे. सहा फूट दोन इंच होते ते. हमद पोर्टला क्रेन चालवायचे. मी म्हणायचे, तुम्हाला क्रेन कशाला लागते, हातानेच उतरवा की कंटेनर."

ती हसली. मग सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "चौदा महिने झाले. जेवून उठले, हात धुवायला गेले, तिथेच."

रॉकीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग आपलं चुकलं की काय असं वाटून हात खिशात घातला.

"कपडे देऊन टाकले. बूट दिले. एवढ्या मापाचे कुणाला होईनात, तरी दिले. घर लहान घेतलं. त्यांच्या मापाचं आता एवढंच राहिलंय. शुक्रवारी गाडी धुते ना, तेव्हा दोनचं बटण दाबते. बघते. मग एकचं दाबून घरी जाते."

देवीदास स्टुलावरूनच म्हणाला, "ताई, टेपनं मापं घेऊन ठिवू का? पेडलपासून सीट किती, पाठ किती. समजा काही झालंच, तर तशीच लावून दिऊ."

"माझ्यापण मनात आलं होतं काका. पण मग ती आपण लावलेली सीट होईल. ही त्यांनी लावलीय."

टेप काढायला निघालेला हात देवीदासने परत मांडीवर ठेवला.

"हे बघा मॅडम," कौशिकचा आवाज आता थोडा खाली आला होता, "सॉफ्टवेअर नवं घातलं तरी सीटच्या नोंदी तशाच राहतात. तीन तास लागतील. मध्ये बॅटरी बसली नाही, तर काही होणार नाही."

"आणि बसली तर?"

कौशिकने देवीदासकडे पाहिलं. रॉकीने देवीदासकडे पाहिलं. सलमा कुठे बघायचं ते समजून तिकडेच वळली.

"बसणार न्हाई, ताई," देवीदास म्हणाला.

*

दहा वाजता काम सुरू झालं. लॅपटॉपवर एक हिरवी पट्टी उमटली आणि कासवाला दम लागेल अशा वेगाने सरकू लागली. देवीदासने बॅटरीला व्होल्टचा मीटर लावला होता. मीटर १३.४ दाखवत होता. सलाईन एका सुरात गुणगुणत होतं. सलमाने क्लिनिकमधून अर्धी रजा घेतली होती. तिला बाहेरच्या एसीत बसायचं नव्हतं. दोन मोठ्या पंख्यांच्या मधल्या खुर्चीवर ती बसली आणि पट्टीकडे बघू लागली. बघून पट्टी वेगाने सरकत नाही हे तिला कौशिकने दोनदा सांगितलं, पण तो स्वतःही बघतच होता.

सलाईनची गुणगुण ऐकली की देवीदास बार्शीत जायचा. तिकीट लागत नसे.

एसटी स्टँडच्या मागे त्याच्या वडिलांचं, रामेश्वरचं, बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, लाकडी फळ्यांच्या तीन मांडण्या, आणि त्यांवर ओळीने बसलेल्या बॅटऱ्या. भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर वीज नव्हती, आणि जिथे होती तिथे ती पाहुण्यासारखी येऊन जायची. पण टीव्ही आले होते. छोटे, ब्लॅक अँड व्हाइट, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारे. त्यामुळे दर गुरुवार-शुक्रवारी बॅटऱ्या यायच्या. एसटीच्या टपावरून यायच्या, सायकलच्या कॅरिअरला ट्यूबने बांधून यायच्या, एकदा एक म्हातारी डोक्यावर चुंबळ ठेवून तिच्यावर घेऊन आली होती आणि उतरवताना म्हणाली होती, "हळू रं, हिच्यात माझी मालिका हाय."

प्रत्येक बॅटरीवर रंगाने नाव. 'पाटील थोरले'. 'पाटील धाकटे', जे थोरल्यांशी बोलत नसत, म्हणून त्यांच्या बॅटऱ्याही शेजारी ठेवायच्या नाहीत. 'भजनी मंडळ'. 'गुंडू मास्तर'. रविवारचा सिनेमा झाला की सोमवारी सगळ्या परत यायच्या, माना टाकलेल्या. रडका सिनेमा बॅटरी जास्त खातो, असं वडिलांचं ठाम मत होतं आणि सोमवारी कोणती बॅटरी किती बसलीय हे पाहून ते सिनेमा कसा होता ते सांगायचे. स्वतः त्यांनी जन्मात एकही पाहिला नाही.

ॲसिडच्या थेंबांनी घरातल्या प्रत्येक कपड्याला भोकं होती. देवीदास मुलगी बघायला गेला, तेव्हा मुलीच्या, म्हणजे चारुलताच्या, वडिलांनी त्याच्या सदऱ्याची भोकं मोजली आणि मुलगा बिडी पितो असं समजून नकार कळवला. देवीदासचे वडील मग एक बॅटरी घेऊन त्यांच्या घरी गेले. ॲसिड म्हणजे काय ते त्यांच्याच पाटावर दाखवून आले. पाटाला भोक पडलं, लग्न जमलं.

भरत आलेली बॅटरी खदखदते. तांदूळ शिजायला लागल्यासारखा आवाज येतो. वडील काचेची पिचकारी घालून घनता बघायचे, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानाचा भाग. खरं ते आवाजावरून ओळखायचे. अंधारात फळीजवळ कान नेऊन म्हणायचे, "ही झाली. ही अजून पितीय. तिला घाई करू नगं. घाईनं पाजलेलं अंगी लागत न्हाई."

मग वस्त्यांवर तारा गेल्या, घरोघरी इन्व्हर्टर आले. फळ्या रिकाम्या होत गेल्या. शेवटी एकच बॅटरी यायची, भजनी मंडळाची, तीही सवयीने. आता त्या जागी त्याचा भाऊ मोबाईलची कव्हरं विकतो. देवीदास गावी गेला की भाऊ त्याला दर वेळी नवं कव्हर घालून देतो आणि देवीदास दर वेळी हुंगून बघतो, की कुठे ॲसिडचा वास राहिलाय का. भावाला वाटतं, दादा प्लॅस्टिकची क्वालिटी बघतोय.

*

"बासष्ट," कौशिकने जाहीर केलं. साडेअकरा वाजून गेले होते.

रॉकी मधूनमधून डोकावत होता. हा मनुष्य गिऱ्हाइकांशी दिवसभर खोटं बोलायचा आणि त्याची भरपाई म्हणून कुणाचं दुःख दिसलं की विरघळायचा. बाई दोन तास नुसती बसलीय, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, हे त्याच्या मनाला लागलं. भिंतीपलीकडच्या पॅन्ट्रीत जाऊन त्याने मोठी इलेक्ट्रिक किटली भरली, चहा, साखर, वेलची, टिनमधलं दूध टाकलं आणि बटण दाबलं.

खट्.

पंखे थांबले. दिवे गेले. सलाईनची गुणगुण मध्येच तुटली.

देवीदास प्लगसमोरच बसलेला होता. प्लग जागच्या जागी होता. कुणीही त्याला हात लावला नव्हता, कुणी थुंकलंही नव्हतं. पाच वर्षं तो भिंतीच्या या बाजूने पहारा देत होता आणि वीज पलीकडच्या बाजूने गेली.

"कोणी काय लावलं?" कौशिक ओरडला.

"चहा," पलीकडून रॉकीचा बारीक आवाज आला. "मॅडमसाठी."

"ब्रेकर पडला. वर करा, ब्रेकर वर करा!"

"पॅनेलला कुलूप आहे."

"कुलूप? पॅनेलला कुलूप कोणी घातलं?"

रॉकी दारात आला. तो देवीदासकडे बघत राहिला. कुणीही येऊन स्विच पाडू नये म्हणून पॅनेलला कुलूप हवं, असा अर्ज देवीदासने दोन वर्षांपूर्वी केला होता. चार वेळा केला होता. किल्ली बिल्डिंगच्या वॉचमनकडे असायची. वॉचमन दुपारच्या नमाजाला गेलेला होता, आणि नमाजातल्या माणसाला फोन लागत नाही.

"मी मशिदीपाशी जाऊन थांबतो," म्हणत रॉकी पळाला.

सलमा उभी राहिली होती. "थांबवता नाही येत? म्हणजे आहे तिथेच ठेवून नंतर..."

"नाही," कौशिक म्हणाला. "थांबवलं तरी दगडच." लॅपटॉपला स्वतःची बॅटरी होती, त्याची चिंता नव्हती. चिंता मीटरची होती. १२.५. मग १२.३. कौशिक आकडे वाचत होता आणि वाचताना प्रत्येक आकड्याला त्याचा आवाज एक पायरी उतरत होता. "काका, बाराच्या खाली गेलं की संपलं. काका?"

स्टूल रिकामं होतं.

देवीदास कोपऱ्यातून एक ट्रॉली ढकलत येत होता. तिच्यावर ओळीने तीन बॅटऱ्या होत्या. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्यांमधून त्याने बऱ्या निवडल्या होत्या, आणि दर गुरुवारी तो त्या रात्रभर सावकाश भरून ठेवायचा, टर्मिनल गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावायचा. कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं तर 'असू द्या' म्हणायचा. कौशिक त्यांना 'काकांची पोरं' म्हणायचा आणि गुरुवार आला की 'पोरांना दूध पाजलं का?' असं विचारायचा.

आत्ता त्याने लॅपटॉप सावरत पोरांच्या ट्रॉलीला वाट करून दिली.

"दार उघडं हाय," देवीदास म्हणाला. "आतला दिवा खातोय." लॅपटॉपची वायर आत जावी म्हणून ड्रायव्हरचं दार उघडं ठेवलेलं होतं. देवीदासने स्क्रूड्रायव्हरने दाराचं कुलूप दाबून दिलं. दार उघडंच होतं, पण गाडीला वाटलं बंद झालं. आतले दिवे विझले. मग त्याने ट्रॉलीवरच्या बॅटऱ्यांना जोडलेल्या केबलचा लाल चिमटा गाडीच्या बॅटरीच्या टोकाला लावला आणि काळा चिमटा इंजिनच्या लोखंडाला. मीटर १२.१ वर आला होता. तो तिथे थबकला. मग १२.४ झाला.

आणि परत १२.१. परत १२.४.

"लूज आहे कुठेतरी!"

लाल चिमट्याची स्प्रिंग गेली होती. मागच्या आठवड्यात केबल शेजारच्या गॅरेजने नेली होती, आणि उसन्या वस्तूची स्प्रिंग नेहमी तिकडेच राहते. देवीदासने चिमटा मुठीत धरला आणि आवळला. १२.४. आकडा स्थिर झाला. तो तसाच, बॉनेटखाली वाकलेला, चिमटा आवळून उभा राहिला.

"काका, मी धरतो."

"तू टक्के बघ."

पंखे बंद. ऑगस्ट महिना. पत्र्याच्या शेडखाली हवा म्हणून काही उरलं नव्हतं. सलमाने एका फिल्टरचं खोकं फाडलं आणि त्या पुठ्ठ्याने देवीदासला वारा घालू लागली.

"ताई, ऱ्हाऊ द्या."

"तुम्ही चिमटा सांभाळा काका." थोडा वेळ पुठ्ठा हलत राहिला. "पण ह्या बॅटऱ्या तुम्ही ठेवता कशाला? प्लग तर तुम्ही सांभाळताच."

एरवी तो 'असू द्या' म्हणाला असता. पण वाकलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि त्यामुळे बोलणं सोपं जातं.

"आमच्याकडं गुंडू मास्तर होते. त्यांचा पोरगा मिल्ट्रीत. एका सालात सव्वीस जानेवारीच्या परेडला त्याचा नंबर लागला. दिल्लीला. टीव्हीवर दिसणार. मास्तरांनी आठ दिवस आधी बॅटरी आणून दिली. म्हणाले, देवीदास, गच्च भर. मी सतरा-अठराचा. वडील सोलापूरला गेलेले. पंचवीसच्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रावाले आले, त्यांना अर्जंट पायजे होती. मी मास्तरांची काढली आन् त्यांची लावली. म्हटलं, झाली असंल की एवढी."

"अडुसष्ट," कौशिक हळूच म्हणाला.

"सगळी वस्ती मास्तरांच्या अंगणात. मी पण होतो. रणगाडे झाले, उंट झाले. मास्तर म्हणाले, आता ह्यांच्या मागनं त्याचीच तुकडी. आन् चित्र बारीक व्हायला लागलं. बारीक झालं, बारीक झालं, मधी एक ठिपका ऱ्हायला. लोक ठिपक्याकडं बघत बसले. मग तो पण गेला."

पुठ्ठा थांबला होता.

"मास्तर रागावले?"

"न्हाई ना. पुढल्या आठवड्यात तीच बॅटरी घिऊन आले. म्हणाले, भरून ठेव, सवडीनं. एक शब्द बोलले न्हाईत. मी गच्च भरली. आता भरून काय." त्याने मुठीतला चिमटा पुन्हा घट्ट केला. "पोरगा आला पुढं सुट्टीवर, सुभेदार हून रिटायर झाला. तसं वाईट काय झालं न्हाई. पण परेड एकदाच दाखवायचे तवा."

सलमा पुन्हा वारा घालू लागली. नंतर बराच वेळ फक्त कौशिक बोलत होता, तेही दोन-दोन मिनिटांनी एक आकडा.

एक्क्याऐंशीवर देवीदासची मूठ सैल पडायला लागली, तेव्हा कौशिकने विचारल्याशिवाय येऊन त्याच्या मुठीवर आपली मूठ आवळली, आणि मान वळवून दुरूनच टक्के वाचू लागला. सत्त्याऐंशीवर रॉकी वॉचमनला जवळजवळ उचलूनच घेऊन आला. खट्. दिवे आले, पंखे आले, सलाईन पुन्हा गुणगुणायला लागलं, आणि पॅन्ट्रीतली किटलीही पुन्हा तापायला लागली. रॉकीने जिवाच्या आकांताने धावत जाऊन तिची वायर उपटली.

शंभर झाले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. लॅपटॉपवर एक छोटी खूण आली. एवढ्यासाठी वाजंत्री वगैरे नसते. कौशिकने डावीकडचा इंडिकेटर दिला. इंडिकेटर लागला. वायपर जागचे हलले नाहीत.

"मॅडम, या," तो म्हणाला. "तुम्हीच बघा."

सलमाने ओढणी सारखी केली. उघड्या दारापाशी उभं राहून तिने दोनच्या बटणावर बोट ठेवलं.

काही झालं नाही.

देवीदास मीटरकडे बघत होता. मीटर १३.४ दाखवत होता, पण मीटरला सीटचं काय कळतंय.

मग आत कुठेतरी बारीक घरघर झाली. सीट मागे सरकली. अजून मागे सरकली. खाली बसली. पाठ थोडी कलली, अगदी थोडी, दमून आलेला माणूस टेकतो तेवढी. दोन्ही आरसे हळूहळू वर बघायला लागले. घरघर थांबली. सीट रिकामी होती आणि पूर्ण तयार होती.

सलमा तशीच उभी राहिली. रॉकी चहा घेऊन आला होता. गॅसवर करून आणला होता. तो कप हातात धरून तिथेच थांबला.

*

प्रोग्रॅमिंग झालं की गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून बघावी लागते. ते काम देवीदासचं. सलमा शहराबाहेर वक्राला राहायची, तेव्हा टेस्ट आणि डिलिव्हरी एकाच खेपेत उरकायचं ठरलं. येताना तो मेट्रोने येणार होता.

सलमा गाडीला वळसा घालून गेली आणि उजवीकडच्या सीटवर बसली. पट्टा लावला. "मी ह्या साइडलाच बसायचे," ती म्हणाली.

देवीदास दारापाशी आला. त्याची उंची पाच फूट एक इंच, तीही सेफ्टी शूज धरून. तो आत चढला आणि त्या सीटमध्ये बसला, म्हणजे हरवलाच. पेडल दूरच्या नातेवाइकासारखे लांब होते. आरशात त्याला फक्त आभाळ दिसत होतं.

एकच्या बटणावर त्याचा अंगठा सहज पोचला असता. नंतर दोन दाबलं की सगळं परत जागेवर आलं असतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

"काका, सीट पुढे घ्या ना. तुम्हाला पुरणार नाही."

"पुरतंय, ताई."

तो पुढे सरकला, आणखी पुढे सरकला, आणि सीटच्या अगदी कडेवर आला. तेव्हा कुठे बुटाचं टोक पेडलला लागलं. छाती स्टिअरिंगला टेकली. आरशांना हात न लावता मान उंच करून त्याने त्यांतून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं आणि गाडी बाहेर काढली.

वक्राच्या रस्त्याला सगळे शंभरने जातात. पांढरी एसयूव्ही पन्नासने निघाली, उजवीकडची लेन धरून. मागून हॉर्न वाजत होते. एकाने शेजारी येऊन काच खाली केली, "यल्ला! यल्ला!" म्हणून ओरडला, आणि स्टिअरिंगला मिठी मारून बसलेल्या छोट्या माणसाला बघून काहीच न बोलता पुढे गेला.

सलमा समोर रस्त्याकडे बघत होती. मधूनच तिने एसीचं एक तोंड डावीकडे वळवलं. वारा देवीदासच्या पाठीमागून निघून जात होता.

पहिल्याच सिग्नलला त्याची कंबर दुखायला लागली. त्याच्या पाठीमागे अख्ख्या माणसाची जागा मोकळी होती. तो टेकला नाही.